गट करायचाय ना, मग आधी सावड जमवा : खरीपाआधी आलेल्या प्रश्नांची उत्तरं

रामराम मंडळी. मागच्या पंधरवड्यात आपल्या हिंगोली-परभणीच्या पट्ट्यातून बरेच मेसेज आले आणि फिरून फिरून विषय एकच, की आम्ही 10-15 जण मिळून विषमुक्त शेती करायची म्हणतोय तर सुरुवात कशी करू. एका दादांनी विचारलं की शेतकऱ्यांची (प्रोड्युसर) कंपनी आधी काढायची का सेंद्रियचं सर्टिफिकेट आधी. एका ताईंचा प्रश्न होता की घरचं सोयाबीन एकमेकींना बियाणं म्हणून दिलं तर ते कायद्यात बसतं का. आणि तिसरे भाऊ म्हणाले, मी एकट्याने फवारणी बंद केली पण शेजारी मारतोच, मग माझ्या बंद करण्याला अर्थ काय. सगळ्यांना एकदमच सांगतो, कारण तिन्ही प्रश्न आतून एकच आहेत.

कंपनी आणि सर्टिफिकेट दोन्ही आत्ता बाजूला ठेवा. मी गेली कितीतरी वर्षं गट बनताना आणि मोडताना बघतोय, आणि मनापासून सांगतो, सेंद्रियचे गट किडीने कमी मोडतात, तणाने जास्त मोडतात. तणनाशक आलं तेव्हा खुरपणीची माणसं गेली. आता तणनाशक बंद करायचं म्हटलं की ती माणसं परत लागतात आणि ऐन जुलैत मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग तीन आठवड्यांत रान तणाने भरतं आणि माणूस गुपचूप जाऊन तणनाशकाचा पंप आणतो. माझ्याच भागात एक गट होता, नाव नाही सांगत, कागदपत्रं एकदम व्यवस्थित, बोर्डसुद्धा लावला होता, पण एकमेकांच्या रानात पाय ठेवलेला नव्हता कुणी. दुसऱ्याच खरीपात संपला. मला अजून वाईट वाटतं कारण कागदं करायला मीच मदत केली होती आणि सावडीचं, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबायचं, काही बोललोच नव्हतो.

म्हणून पहिलं काम सावड. आपल्या आजी-आजोबांना हे सांगायची गरज नाही, कुठं सावड म्हणतात कुठं वारंगुळा म्हणतात, आणि एखाद्याचं काम अडलं की सगळा गाव मिळून करायचा तो इर्जिक. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या. वही ठेवा, कोण किती दिवस आलं ते लिहा, कारण भांडण पैशावरून नाही होत, "मी चार दिवस गेलो तो दोनच दिवस आला" यावरून होतं. 2022 पासून पाणी फाउंडेशनच्या फार्मर कपमध्ये, म्हणजे गटशेतीच्या स्पर्धेत, जे गट उतरले त्यांच्याकडं जाऊन बघा, मला तिथली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते की लोक परत एकमेकांच्या बांधावर जायला लागले, बायका तर जास्तच.

आता ताईंचं बियाणं. बिनधास्त द्या. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त संरक्षित वाण असेल तर ब्रँडचं लेबल लावून, पिशवीवर नाव छापून विकायचं नाही. सोयाबीन सरळ वाणाचं (संकरित नसलेलं) असतं म्हणून घरचं चालतं, संकरित आणि बीटी (जनुक बदललेल्या) कपाशीच्या सरकीवरून पुढच्या वर्षी तसंच पीक येईल असं धरू नका (आणि सेंद्रियच्या गटात बीटी बसतच नाही हेही आत्ताच सांगून ठेवतो, नंतर वाद नको). अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घराघरातून गोळा करून बँक उभी केली, 2020 ला पद्मश्री जाहीर झाली, आणि ते सगळं उभं राहिलं ते बायकांनी एकमेकींना मूठ मूठ बी देण्यातून. आपल्याकडं तुरीचं, मुगाचं, गावरान ज्वारीचं तेच करता येईल, एका घरात एक कोठी ठेवा आणि घेणाऱ्याने सुगीला दीडपट परत करायचं असं काहीतरी आपसात ठरवा.

पण सोयाबीन देण्याआधी उगवण बघाच. गोणपाट भिजवा, त्यावर 10-10 च्या ओळीत 100 दाणे मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. 70 किंवा वर असेल तर एकरी 30 किलो. थोडं कमी असेल तर त्या हिशोबाने बी वाढवा, पण 60 च्या खाली असेल तर ते बी म्हणून कुणाला देऊ नका, धान्य म्हणून विकून टाका. पोती आपटू नका, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायची घाई नको, पहिल्या सरीला पेरून दुबार पेरणी आली की गटाचा उत्साहच मरतो.

शेजाऱ्याच्या फवारणीचं उत्तर जरा अवघड आहे. बांधाच्या कडेला ज्वारीच्या किंवा तुरीच्या तीन-चार दाट ओळी घ्या, त्या ओळींचा माल वेगळा काढा आणि सेंद्रिय म्हणून विकू नका, वरच्या रानाचं पाणी आत येत असेल तर चर काढून वळवा. याने वाऱ्यासोबत येणारं औषध बऱ्यापैकी अडतं, पूर्ण नाही अडत. खरा उपाय म्हणजे शेजाऱ्याला कीड मोजायला सोबत न्या, त्याच्यावर टीका न करता. गुलाबी बोंडअळीचंच बघा ना, एकट्याने डिसेंबरला पऱ्हाट्या काढल्या आणि बाकीच्या गावाने फरदड ठेवली, म्हणजे जुनीच कपाशी पुढं चालू ठेवली, तर पतंगाला काय बांध कळतो का? हे काम गाव मिळूनच होतं, मग तो रासायनिकवाला असो की सेंद्रियवाला. त्या शेजाऱ्याला निंबोळी अर्काचा ड्रम आयता द्या, बऱ्याचदा तो पहिली फवारणी टाळतोच. अर्काला 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून सकाळी गाळायची आणि 200 ग्रॅम साबणाचं पाणी घालून एकूण 100 लिटर करायचं. निंबोळ्या आता पडायला लागतील, पोरं-बाया मिळून वेचून सावलीत वाळवून ठेवा, नाहीतर नंतर दुकानात जायची वेळ येते.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. छोट्या गटाला पीजीएस (एकमेकांच्या हमीवरचं सेंद्रिय सर्टिफिकेट) सोयीचं आहे, कमीत कमी 5 शेतकरी लागतात, बाहेरचा तपासनीस येत नाही, तुम्हीच एकमेकांची रानं तपासून सही करता, आधी पीजीएस ग्रीन मिळतं मग रासायनिककडून सेंद्रियकडं बदलाचा काळ संपला की पीजीएस ऑरगॅनिक. आता लक्षात आलं का मी सावडीवर का अडलोय? जो खुरपायला तुमच्या रानात येतो त्यालाच माहीत असतं तुम्ही काय मारलं. परंपरागत कृषी विकास योजनेत 20 हेक्टरचा समूह लागतो आणि मदत 3 वर्षं मिळते, पण अनुदानासाठी गट करू नका, अनुदान संपतं तेव्हा गटही संपतो. प्रोड्युसर कंपनीला 10 उत्पादक आणि 5 संचालक लागतात, दरवर्षी ऑडिट, रिटर्न, त्याचा खर्च. दोन सुगी एकत्र माल विकून बघा, तूर डाळ करून शहरातल्या पाच-पंचवीस घरांना थेट द्या, हिशोब सगळ्यांसमोर वाचा, मग कंपनीचं बोलू.

पहिल्या वर्षी प्रत्येकी एकच एकर घ्या, सगळं रान एकदम बदलून घर अडचणीत घालू नका.

येत्या शनिवारी सकाळी 8 ला देवळासमोर येतोय. प्रत्येकाने घरच्या सोयाबीनचे 100 दाणे न निवडता, जसे हाताला येतील तसे घेऊन या, गोणपाट मी आणतो. सावडीची वही ताईंच्या गटाकडं राहील असं मला वाटतं, त्यांचा हिशोब पक्का असतो, पण ते तुम्ही ठरवा. आणि ज्या भाऊंनी शेजाऱ्याचं विचारलं त्यांनी शेजाऱ्यालाही घेऊन यावं, माझ्याकडून निरोप आहे म्हणून सांगा.