आतल्या कानाची शस्त्रक्रिया झाली, आता तोल कसा सावरायचा?

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न आतल्या कानाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या चक्करेविषयी आहेत. ऑपरेशन प्रत्येकाचं वेगळं असलं, तरी मनातली भीती एकच दिसते: ‘हे आता कायमचं असंच राहणार का?’

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी कानाच्या नसेवरची साधी गाठ काढली. पहिले चार दिवस खोली गरगर फिरत होती, ते थांबलं. पण मान पटकन वळवली की समोरचं सगळं हलतं आणि चालताना उजवीकडे झोक जातो. कान आतून भरून आला की हे थांबेल ना?

उत्तर : थांबेल, पण कान भरून आल्यामुळे नाही. ही गाठ तोलाच्या नसेवरच वाढते आणि ती काढताना ती नस सहसा वाचत नाही. गेलेली नस परत येत नाही. सुधारतो तो मेंदू, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांतल्या तोलाच्या इंद्रियांकडून मेंदूकडे सतत संदेश जात असतात. डोकं डावीकडे वळलं की डाव्या बाजूचे संदेश वाढतात, उजव्या बाजूचे कमी होतात आणि या फरकावरून मेंदू हालचाल ओळखतो. तुमच्या उजव्या बाजूचे संदेश अचानक बंद पडले. त्यामुळे तुम्ही पडून असतानाही मेंदूला मोठा फरक दिसू लागला आणि डोकं जोरात फिरतंय असा त्याने अर्थ लावला. खोली गरगरली ती यामुळे. काही दिवसांत मेंदूने दोन्ही बाजूंची पातळी पुन्हा जुळवून घेतली. हा टप्पा आपोआप पार पडतो.

पुढचा टप्पा मात्र आपोआप पार पडत नाही. निरोगी माणसाला एक साधी गोष्ट करायला सांगा. हे पान समोर धरून भराभर डावी-उजवीकडे हलवलं, तर अक्षरं पुसट होतात. पान स्थिर ठेवून मान तेवढ्याच वेगाने हलवली, तर मात्र वाचता येतं. मान वळताच आतला कान डोळ्यांना उलट्या दिशेने वळवतो आणि या कामाला साधारण ७ ते १० मिलिसेकंद लागतात. हलणाऱ्या वस्तूमागे नजर न्यायला मेंदूला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात, म्हणून हलतं पान वाचता येत नाही. तुमची ही पहिली, वेगवान यंत्रणा एका बाजूने निकामी झाली आहे. मान वळते, डोळे मागे पडतात आणि समोरचं दृश्य घसरतं. मेंदूच्या दृष्टीने हे घसरणं म्हणजे चूक आणि ती चूक पुन्हा पुन्हा दिसली तरच तो दुरुस्ती करतो. मान ताठ धरून बसलात तर त्याला चूकच दिसणार नाही, मग तो शिकणार कशावरून?

ज्यांची तोलाची नस गाठीमुळे आधीच बरीचशी निकामी झालेली असते, त्यांना ऑपरेशननंतर चक्कर कमी येते. त्यांच्या मेंदूने जुळवाजुळव आधीच केलेली असते. म्हणून ‘त्याच ऑपरेशननंतर शेजारचा पेशंट आठवड्यात हिंडू लागला’ हे पाहून खचू नका.

प्रश्न : व्यायामाचा कागद मिळाला आहे, पण त्यात फक्त ‘मान हलवा, नजर स्थिर ठेवा, दिवसातून तीनदा’ एवढंच लिहिलंय. नेमकं कसं, किती वेळ आणि किती चक्कर आली तर थांबायचं?

उत्तर : सुरू करण्याआधी सर्जनकडून मान हलवण्याची आणि वाकण्याची परवानगी घ्या. ती मिळाली की पुढे असं करा.

कागदावर साधारण १ सेंटीमीटर उंचीचं एकच ठसठशीत अक्षर काढा. कोऱ्या भिंतीवर, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असं चिकटवा आणि हातभर अंतरावर खुर्चीत बसा. नजर अक्षरावर ठेवून ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी मान डावी-उजवीकडे हलवा. मोठे झोके नकोत, दोन्हीकडे साधारण २० अंश पुरेत. महत्त्व वेगाला आहे. अक्षर पुसट व्हायला लागतं त्याच्या किंचित अलीकडचा वेग शोधा आणि तो १ मिनिट टिकवा. थांबा, डोकं शांत होऊ द्या. मग ‘हो’ म्हणताना हलवतो तशी मान वर-खाली १ मिनिट. ही जोडी एका बैठकीत दोनदा केली की ४ मिनिटं होतात आणि दिवसाच्या तीन बैठकींत १२. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला एवढं तरी व्हायला हवं. त्रास जुना, तीन महिन्यांच्या वरचा असेल, तर दिवसातून ३ ते ५ वेळा मिळून किमान २० मिनिटं, ४ ते ६ आठवडे रोज.

वेग मोजायला मोबाईलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारं ॲप, चांगला. प्रत्येक ठोक्याला एक बाजू धरून मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करा आणि जमेल तसं १२० च्या पुढे न्या. बसून सोपं वाटू लागलं की उभं राहून, मग पाय जुळवून, मग अक्षरामागे चौकटीचं किंवा रेघांचं कापड लावून आणि शेवटी चालता चालता. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा.

यात चुका कुठे होतात? सर्वात जास्त आढळणारी चूक म्हणजे मान इतकी हळू हलवणं की अक्षर कधी पुसट व्हायची वेळच येत नाही. व्यायाम झाल्यासारखा वाटतो, शिकणं काहीच होत नाही. दुसरी चूक म्हणजे खांदे आवळून मानेऐवजी अख्खं धड फिरवणं. मान स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवण्याचे व्यायाम अनेक कागदांवर छापलेले असतात, पण नजर स्थिर करण्यासाठी ते या व्यायामाची जागा घेऊ शकत नाहीत. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वर-खालीच्या व्यायामात काचेचा नंबरच बदलत राहतो आणि अक्षर पुसट दिसण्याचं खापर कानावर फुटतं. त्यासाठी एकाच नंबरचा चष्मा वापरा.

किती चक्कर चालेल? सुरुवातीला मनात ० ते १० मध्ये आकडा धरा. व्यायामाने तो २ किंवा ३ ने वाढावा आणि थांबल्यावर १५-२० मिनिटांत मूळ जागी यावा. अजिबात वाढला नाही तर मात्रा कमी पडते. तासभर उतरला नाही किंवा मळमळ दिवसभर राहिली, तर जास्त झाली. अशा वेळी व्यायाम सोडू नका, वेग आणि वेळ निम्मा करा.

उभं राहण्याचा सराव खोलीच्या कोपऱ्यात करा. पाठ कोपऱ्याकडे आणि समोर जड खुर्ची, म्हणजे कुठेही झोक गेला तरी आधार आहे. आधी पाय जुळवून ३० सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून. प्रत्येक पायरी डोळे उघडे ठेवून ३० सेकंद जमली की डोळे मिटून करा. ते जमलं की घट्ट फोम किंवा घडी केलेल्या सतरंजीवर. डोळे मिटून मऊ जागेवर उभं राहिलं की नजर आणि तळपाय दोघांचीही मदत कमी होते आणि उरलेल्या कानाला काम करावंच लागतं. तोल फारच जात असेल तर खुर्चीला घट्ट धरू नका, एका बोटाचं टोक टेकवा. १०० ग्रॅमपेक्षाही कमी दाबाचा स्पर्श अंगाचं डोलणं स्पष्ट कमी करतो, कारण त्यातून मेंदूला दिशा कळते. घट्ट धरलं की तोल हात सांभाळतो.

चालताना तीन पावलं उजवीकडे बघत, तीन डावीकडे बघत, असं मोकळ्या व्हरांड्यात जा-ये करा. सोबतच्या माणसाने ऑपरेशन झालेल्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं. पातळ, घट्ट तळव्याचे बूट घाला. जाड गुबगुबीत तळव्यामुळे जमिनीची जाणीव मंदावते.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. चक्करेच्या जुन्या आजारासाठी तिच्या एका कानाचा तोलाचा भाग काढून टाकला, त्याला दोन महिने झाले. प्रोक्लोरपेराझीनची गोळी रोज तीन वेळा चालू आहे. गोळी थांबवली की घाबरते, म्हणून बहुतेक वेळ पडूनच असते. या वयात सुधारणा होईल का?

उत्तर : होईल. वय जास्त म्हणून या व्यायामांचा उपयोग होत नाही, असं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत अडचण वयाची कमी आणि गोळीची व अंथरुणाची जास्त दिसते.

प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांतल्या उलट्या आणि असह्य गरगर यासाठी आहेत. तोलाचे संदेशच त्या दाबतात, म्हणजे ज्या चुकीवरून मेंदू शिकतो तिलाच झाकतात. शिवाय उतारवयात प्रोक्लोरपेराझीन महिनोन् महिने चालू राहिली तर हातपाय थरथरणं, अंग ताठरणं, हालचाल मंदावणं असे त्रास होऊ शकतात आणि तेही तोल घालवतात. गोळी एकदम तोडू नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना या आठवड्यातच भेटा आणि ‘ही कधी, कशी कमी करायची’ असं थेट विचारा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखवा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते कानाचं नसून रक्तदाबाचं असू शकतं. त्यावर हे व्यायाम नाहीत, वेगळे उपचार लागतात.

तोवर दिवसा पलंगावर पडणं कमी करा. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून समोर बघणं, मग बसल्या बसल्या जमिनीवरची वस्तू उचलून वर बघणं, मग हात धरून खोलीभर फेऱ्या. अशी चढती मालिका १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कानाचे सर्जन टेरेन्स कॉथॉर्न आणि डॉक्टर कुक्सी यांनी बसवली. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर जे लवकर हालचाल करतात ते लवकर सावरतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आईला एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: ‘व्यायामात येणारी थोडी चक्कर नुकसानीची नाही, मेंदू शिकतोय त्याची आहे.’ पण हे सांगताना तिच्याजवळ उभे राहा.

रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर छोटा दिवा कायम लावून ठेवा. अंधारात नजरेचा आधार जातो आणि पडणं नेमकं तिथे होतं.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी कानातलं रिकिबीचं हाड बदललं. ऐकू छान येतं, पण कुशीवर वळलं की अर्धा मिनिट जोरात गरगरतं. इंटरनेटवर एप्लीची पद्धत पाहिली, घरी करू का?

उत्तर : आत्ता घरी करू नका. कुशीवर वळल्यावर काही सेकंदांनी सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबणारी गरगर ही बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत गेल्याची खूण असते. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर असं होऊ शकतं आणि एप्लीच्या पद्धतीने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे नलिकेबाहेर काढल्याने, ते बरंही होतं. मात्र त्यात डोकं मागे लटकवावं लागतं. नवं हाड बसवलेल्या कानासाठी ते केव्हा सुरक्षित आहे, हे तुमच्या सर्जननेच ठरवायचं आहे. मान वळवून-हलवून करायचे वरचे व्यायामही तोवर थांबवा.

तोपर्यंत नाक जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. जड उचलणं आणि शौचाला जोर करणं टाळा, विमानप्रवास विचारल्याशिवाय नको. खोकल्याने किंवा जोर लावल्याने चक्कर येत असेल, ऐकू येणं अचानक कमी झालं असेल किंवा कमी-जास्त होत असेल, चक्कर तासन् तास थांबत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. आतल्या कानातला द्रव झिरपत असण्याची शक्यता असते. आणि ज्यांची नसेवरची गाठ काढली आहे त्यांनी वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव गळला, ताप आला, मान आखडली किंवा डोकं प्रचंड दुखलं, तर सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : सात महिने झाले. घरात ठीक असतं, पण मोठ्या दुकानांच्या रांगांमधून चालताना, मोबाईलवर स्क्रोल करताना डोकं तरंगल्यासारखं होतं. मागच्या महिन्यात ताप आला आणि सगळं पहिल्यासारखं झालं. ऑपरेशन फसलं का?

उत्तर : तापानंतर परत आलेली चक्कर वेगळी आणि दुकानातली वेगळी. ताप, जागरण, आठवडाभर अंथरुणात पडून राहणं यांमुळे मेंदूने बसवलेली घडी तात्पुरती विस्कटते. पुन्हा पहिल्या पायरीपासून व्यायाम सुरू केले की ती बसते, आणि सहसा पहिल्या वेळेपेक्षा लवकर.

दुकानात होतं ते असं: कानाचा भरवसा गेल्यावर मेंदू नजरेवर जास्त विसंबू लागतो. दोन्ही बाजूंनी रंगीत वस्तूंच्या रांगा मागे सरकल्या की आपणच हलतोय असं त्याला वाटतं. त्यावर उपाय म्हणजे तीच गोष्ट मोजून मापून देणं. आधी बसून १ मिनिट सावकाश स्क्रोल करा, मग उभं राहून. दुकानात गर्दी नसताना एकाच रांगेतून जा, दूरच्या एका टोकावर नजर ठेवा, बाहेर या. दुसऱ्या दिवशी दोन रांगा. ट्रॉलीचा आधार घेतला तरी चालेल, पण हळूहळू दोन हातांवरून एका हातावर, मग बोटांवर या.

तरंगल्यासारखं वाटणं बहुतेक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलं असेल, उभं राहिल्यावर, हालचालीत आणि गजबजलेल्या दृश्यात वाढत असेल, तर ईएनटी तज्ज्ञांना त्याविषयी विचारा. याचं निदान होतं आणि त्यावर व्यायामांसोबत समुपदेशन व काही औषधंही उपयोगी पडतात. हा मनाचा खेळ नाही. सतत सावध राहायची मेंदूला लागलेली सवय आहे आणि ती सुटते.

प्रश्न : पोहायला आणि गाडी चालवायला कधी सुरुवात करू?

उत्तर : गाडी सर्जनच्या परवानगीनंतरच, आणि तेही चालता चालता पटकन मागे वळून बघताना दृश्य घसरत नसेल तेव्हा. पोहण्याबाबत जास्त जपा. पाण्याखाली पायाखाली जमीन नसते, दिसतंही कमी आणि वर कुठे, खाली कुठे हे फक्त कान सांगतो. जखम भरल्यावर, कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात, दिवसाउजेडी आणि सोबतीनेच उतरा. दोन्ही कानांचा तोल गेला असेल तर पाण्याखाली डोकं घालूच नका.