आपलीच वस्तू उसनी कशी मागायची?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या, अथेन्सच्या पार्थेनॉन ह्या प्राचीन देवळाच्या शिल्पांवर छोटं टिपण दिलं होतं, की ग्रीस ती परत मागतोय आणि लंडन देत नाहीये. त्यावर बरीच पत्रं आली. चार घेतोय.

प्रश्न: मुलाकडे लंडनला गेले होते तेव्हा ही शिल्पं बघितली. मुंडकी नाहीत, हात नाहीत, तरी लोक समोर बसून चित्रं काढतायत. सून म्हणाली, आई ह्या चोरीच्या आहेत. खरंच का? आणि चोरीच्या असतील तर इतकं उघड कसं मांडून ठेवतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: चोरी म्हणायचं की नाही हाच तर सगळा वाद आहे, त्यामुळे सुनेशी भांडू नका, अर्धं जग तिच्या बाजूने आहे. झालं असं की अथेन्समधलं अथेना देवीचं हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ ह्या काळात उभं राहिलं, पण १८०१ साली ते गाव तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं आणि लॉर्ड एल्गिन हा सुलतानाच्या दरबारी इंग्रजांचा राजदूत होता. इंग्रजांनी नुकतंच फ्रेंचांना इजिप्तमधून हुसकवायला मदत केलेली, तुर्क खूश, तेवढ्यात ह्याने एक परवानगीपत्र काढून घेतलं. त्यात काय, तर मचाण बांधा, चित्रं काढा, प्लास्टरचे साचे घ्या, खणा, आणि ‘दगडाचे काही तुकडे’ न्यायचे असतील तर कोणी अडवू नये.

आता ‘काही’ म्हणजे किती? एल्गिनच्या माणसांनी भिंतीवरून मूर्ती उतरवल्या, वजन कमी व्हावं म्हणून शिल्पपट्ट्याच्या दगडांच्या पाठी करवतीने कापल्या, आणि आज लंडनमध्ये काय आहे तर १६० मीटरच्या पट्ट्यापैकी ७५ मीटर, १५ चौकटी आणि छपराखालच्या त्रिकोणातल्या १७ मूर्ती. मूळ तुर्की कागद मिळत नाही, इटालियन तर्जुमा तेवढा आहे आणि तो कुठे, तर ब्रिटिश म्युझियमकडेच! २०२४ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत तुर्कस्तानच्या प्रतिनिधीनेही सांगितलं की असा व्यवहार कायदेशीर ठरवणारा कुठलाही कागद आम्हाला माहीत नाही.

तरी ‘तेव्हाचं सरकार तेच होतं, परवानगी त्यांनीच दिली’ हे म्युझियमचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. पण मला विचाराल तर एवढ्याशा कागदावर एवढा माल उचलणं म्हणजे अंगणातली फुलं तोडायची परवानगी घेऊन झाडं उपटून नेणं. १८१६ साली कर्जात बुडालेल्या एल्गिनने हा सगळा ऐवज ३५,००० पौंडांना सरकारला विकला, आणि तेव्हाही ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ८२ विरुद्ध ३० अशी मतं पडली, म्हणजे हे बरोबर नाही असं वाटणारे तिथेही होतेच.

प्रश्न: पण इंग्रजांनी नेलं म्हणून वाचलं ना? तिथेच राहिलं असतं तर मातीमोल झालं असतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: अर्धं खरं. १६८७ मध्ये तुर्कांनी देवळात बंदुकीची दारू साठवली होती, व्हेनिसच्या फौजेचा गोळा त्यावर पडला आणि देऊळ फुटलं. पुढे अथेन्सच्या धुरानेही मागे उरलेल्या शिल्पांचं नुकसान केलं, पश्चिमेचा पट्टा तर १९९३ पर्यंत बाहेरच होता. पण ‘वाचवलं’ म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघावी. १८०२ मध्ये ही शिल्पं नेणारं एल्गिनचं जहाज कायथेरा बेटाजवळ बुडालं आणि समुद्रातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना लावून त्या पेट्या वर काढायला दोन वर्षं लागली. १९३० च्या दशकात लंडनमध्येच कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी शिल्पं खरवडली, का तर पांढरी दिसावीत म्हणून. आणि २०२३ मध्ये त्याच म्युझियमच्या भांडारातून सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, खराब झाल्याचं बाहेर आलं (ही शिल्पं नव्हेत, पण तरी).

प्रश्न: मग सरळ लोनवर का देत नाहीत? ग्रीसला दगड मिळतील, ब्रिटिशांचा कायदा पण मोडणार नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर: सगळं घोडं इथेच पेंड खातंय. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने संग्रहातल्या वस्तू, थोडे अपवाद सोडले तर, देऊन टाकता येत नाहीत, पण उसन्या देता येतात. ग्रीस म्हणतो उसनं कसं घेऊ, उसनवारीच्या कागदावर सही केली की मालक तुम्ही हे आम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. आपल्याकडे कसं, जमिनीचा वाद चालू असताना समोरच्याला खंडाची पावती मागितली की केस संपली! मेलिना मर्कुरी ह्या अभिनेत्री सांस्कृतिक मंत्री असताना १९८३ मध्ये ग्रीसने रीतसर मागणी केली, तेव्हापासून गाडी मालकीच्या ह्याच मुद्द्यावर अडकलीय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तर ग्रीक पंतप्रधान लंडनमध्ये असताना तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान सुनक ह्यांनी ठरलेली भेटच रद्द केली, ह्याच विषयावरून.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २०२४ मध्ये साताऱ्यात वाघनखं आली तीसुद्धा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवरच. आपण ते चालवून घेतलं. ग्रीक घेत नाहीत. त्यांनी २००९ मध्ये देवळाच्या टेकडीच्या पायथ्याशी नवं म्युझियम उघडलं, वरचा मजला मुद्दाम मूळ देवळाच्या दिशेत फिरवलाय, त्यात मधासारखे पिवळट खरे दगड आणि मध्ये मध्ये पांढरेफटक प्लास्टरचे नमुने, म्हणजे लंडनला काय गेलंय ते कोणी सांगायलाच नको. समुद्रदेव पोसायडनच्या एकाच धडाचे खांदे लंडनला आणि पुढचा पोटाचा भाग अथेन्सला आहे, आता बोला.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये लंडनला एकच दिवस आहे. त्या हॉलमध्ये नेमकं काय बघू? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: १८ नंबरची खोली, प्रवेश फुकट. चंद्रदेवी सेलेनीच्या घोड्याचं डोकं शोधा. रात्रभर रथ ओढून दमलाय, डोळे बाहेर आलेत, नाकपुड्या फुगल्यात, आणि खालचा जबडा कडेवरून चक्क बाहेर लोंबतोय. जवळ जाऊन गालावरच्या शिरा बघा, घाई करू नका. फक्त चंद्रदेवी तिथे भेटणार नाही, तिचं धड अथेन्सच्या म्युझियममध्ये आहे, त्याचं तिकीट वेगळं.