प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवल्यावर जुनाच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल लाइनीत ढकलणारा) चालेल का?

नाही, बदलावाच लागेल, आणि बहुतेक वेळा सोबत पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही बसवावा लागेल. नाशिकच्या सातपूरला जुन्या गाड्यांचंच काम करतो, अर्धवट झालेली अशी कामं दुरुस्तीला येतात. ड्रममध्ये चाक फिरण्याच्या ओढीने पुढचा ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारा तुकडा) आपोआप आणखी घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, सगळा जोर पायाचा. बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. खरी गोम पुढे आहे: ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि द्वारका चौकातून पाथर्डी फाट्याला पोचेपर्यंत चाक तापलेलं असतं. नवा घेताना टँडम (दोन वेगळ्या लाइनींचा) सिलिंडरच घ्या, एक लाइन फुटली तरी दुसरी ब्रेक धरते. मागचे ड्रम राहू द्या, पण मागचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पावसात मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. रिममध्ये कॅलिपर मावतो का, हे सामान घेण्याआधी मोजा.

मात्र गाडी फक्त रविवारी गंगापूर धरणापर्यंत जात असेल तर नवे लायनर, घासून गोल केलेले ड्रम आणि ताजं ब्रेक ऑइल पुरेसं आहे. कसारा घाट नेहमी उतरत असाल तरच हा खर्च करा, तोही आरटीओत विचारून.