पैसे जमा व्हायला पिन लागत नाही

प्रश्न : सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. ‘मातृवंदनाचे पाच हजार अडकलेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला. माझं नाव आणि बाळंतपणाची तारीख त्याला बरोबर माहीत होती. खरं असेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही ताई. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. तारीख माहीत असण्यावर जाऊ नका. तपासणीचं कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, लॅबची पावती असे कागद किती हातांतून जातात!

प्रधानमंत्री मातृवंदना या सरकारी योजनेत पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत येतात. नोंदणी आणि एक तपासणी झाली की ३,००० आणि बाळाची जन्मनोंदणी व पहिल्या टप्प्याचं लसीकरण झालं की २,०००. सातव्या महिन्यात कुणी पाचही हजार देऊ लागला, तर खोट तिथंच कळते.

हप्ता अडकतो तो बहुधा आधारमुळे. ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडलं, त्यात तो जमा होतो. अनेकींचं आधार लग्नाआधीच्या खात्याला जोडलेलं असतं. पैसे तिकडं पडतात आणि इथं वाट बघणं चालू राहतं. बँकेत ‘आधार सीडिंग’चा, म्हणजे खात्याला आधार जोडण्याचा, वेगळा अर्ज द्या. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असं नव्हे. शंका आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, फोन करणाऱ्याला नको.

पिन टाकून बसला असाल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. पैसे भराभर दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवले जातात. वेळेत कळवलं तर रक्कम मध्येच गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक लिहून ठेवा, मेसेज पुसू नका.

प्रश्न : सोनोग्राफीचा फोटो स्टेटसला ठेवला तर चालतो का? फोटो टाकला की मुलगा-मुलगी सांगणारं अ‍ॅप आहे, असं घरचे म्हणतात.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : फोटोला कायद्याची आडकाठी नाही. पण वरच्या पट्टीत नाव, दवाखाना, तारीख असते. ती पट्टी कापूनच टाका. हायलायटरनं रंगवलेली अक्षरं फोटो उजळला की पुन्हा दिसतात.

अ‍ॅपच्या वाटेला मात्र जाऊ नका. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं इंटरनेटवरची अशी जाहिरातही गुन्हा ठरते आणि रक्ताच्या चाचणीतून लिंग शोधणंही. लिंगनिदान मागणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गर्भवतीवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली, असंच कायदा गृहीत धरतो. घरच्यांना हे आजच सांगा. याच कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं) बसवावे लागले होते, इतका हा प्रश्न आपल्या घरातला आहे. त्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घेऊन महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.