बाळासह लांबचा प्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. मे महिन्यात माझ्या भावाच्या लग्नासाठी तिला नाशिकरोडहून कोल्हापूरला मोटारीने न्यायचे आहे. मागे त्र्यंबकेश्वरला जाताना कार-सीटमध्ये (गाडीच्या आसनावर बसवायच्या, पट्टे असलेल्या बाळाच्या खुर्चीत) बसवल्यापासून ती अर्धा तास अखंड रडत होती. शेवटी मी तिला मांडीवर घेतले. सासूबाई म्हणतात, आईच्या मांडीएवढी सुरक्षित जागा नाही, आणि निघताना गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दिले की ती वाटभर झोपेल. रात्रीच निघावे असे यजमानांचे मत आहे. ती आनंदात पोहोचावी यासाठी काय करावे? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यामागची माया मला कळते, कारण आमच्या आधीच्या पिढीने आम्हाला मांडीवर घेऊनच प्रवास केला. परंतु त्या गाड्यांचा वेग आणि आजच्या महामार्गावरचा वेग यांत मोठा फरक पडला आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर आदळून क्षणार्धात थांबली, तर आठ किलोचे बाळ शंभर किलोहून अधिक वजनाच्या जोराने पुढे फेकले जाते, आणि तो जोर कोणत्याही आईच्या हातांना पेलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात बांधलेले नसल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंड नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते. गाडी धावत असताना मुलगी कार-सीटमध्येच राहील, आणि तिला मांडीवर घ्यायचे असेल तेव्हा गाडी उभी राहील, एवढे घरातल्या सर्वांनी निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

जायफळाबाबत मला अधिक काळजी वाटते. सहाणेवर उगाळलेल्या वेढ्यात किती द्रव्य उतरले, हे कोणालाच मोजता येत नाही. जायफळातील मिरिस्टिसिनसारखी द्रव्ये जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मेंदूवर परिणाम करतात, आणि त्यातून येते ती गुंगी. ती झोप नव्हे. सीटमध्ये अर्धवट बसलेल्या गुंगीतल्या बाळाची मान पुढे पडली, तर त्याचा श्वासमार्ग दबतो आणि स्वतःहून मान सावरण्याची शक्ती त्याच्यात उरत नाही. सर्दीचे औषध पाजून झोपवण्याचा सल्लाही कोणी देईल, तो मानू नका. सर्दीच्या औषधांत सर्रास आढळणारे क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले आहे.

आता मुलीच्या रडण्याकडे वळू. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर तिला ती सीट बहुधा पूर्णपणे परकी होती. सात महिन्यांचे बाळ ओळखीचे आणि अनोळखी यांत स्पष्ट भेद करू लागते, त्यामुळे अनोळखी जागी पट्ट्यांनी बांधले गेल्यावर त्याने रडणे स्वाभाविकच आहे. प्रवासाच्या तीन आठवडे आधी सीट घरात आणून बैठकीच्या खोलीत जमिनीवर ठेवा, तिला त्यात बसवून समोर स्वतः बसा, पदराआड तोंड लपवून कुक करा, आणि ती कंटाळण्याच्या आधीच बाहेर काढा. पुढच्या आठवड्यात सीट गाडीत लावून पंचवटीपर्यंत, मग सिन्नरपर्यंत जाऊन या. सीटचे तोंड मागच्या बाजूलाच हवे, कारण या वयात मान आणि कणा कोवळा असतो आणि धक्का संपूर्ण पाठीवर विभागला जाणे आवश्यक असते. मात्र पुढच्या आसनावर, एअरबॅगसमोर, अशी सीट कधीही लावू नये. पाय दुमडलेले दिसतात म्हणून जीव कासावीस होऊ देऊ नका, बाळाला त्याचा त्रास होत नाही.

कोल्हापूरचे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे, आणि इतका पल्ला बाळाला घेऊन एका दिवसात गाठण्याच्या मी विरुद्ध आहे. पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करता आला तर उत्तम. रात्रीचा बेत यजमानांनी सोडून द्यावा, कारण मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच्या तासांत चालकाला झोप अनावर होते, आणि बाळही अंधारात कोणाच्या लक्षाविना सीटमध्ये तासन्‌तास झोपून राहते, हेही इष्ट नाही. पहाटे पाचला निघालात तर तिची उरलेली झोप गाडीत होईल आणि संगमनेरच्या आसपास ती जागी होईल. तेथे थांबा, सतरंजी सावलीत अंथरून तिला अर्धा तास मोकळे लोळू द्या. पुढे दर दोन तासांनी हेच करावे. राजगुरुनगरला तिला भूक नसली तरी थांबून अंगावर पाजून घ्या, कारण चाकणच्या कोंडीत गाडी एकदा अडकली की धड पुढे जाता येत नाही आणि धड बाजूलाही घेता येत नाही.

उन्हाचा विचारही आधीच करावा. तुम्ही दक्षिणेकडे जात असल्याने सकाळी ऊन डावीकडून येईल आणि पुण्यानंतर दुपारी उजवीकडून. सीट डावीकडे लावणे मला पसंत आहे, कारण गाडी थांबल्यावर रहदारीकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेने मुलीला बाहेर काढता येते. त्यामुळे सकाळी डाव्या काचेला पडदा हवा. सीटवर मात्र ओढणी टाकू नये, आत हवा कोंडते. माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना नागपूरच्या वाटेवर ती रडू लागली, तेव्हा मी तिला भूक लागली असे समजून दोनदा गाडी थांबवली. तिसऱ्यांदा मानेमागे हात लावला तेव्हा कळले की सीटच्या जाड गादीला टेकून तिची पाठ घामाने भिजली होती. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगते, रडणे सुरू झाले की प्रथम मानेमागे हात लावून पाहावा. अंगात सुती झबले पुरे. थांब्यावर चहासाठी सर्व जण उतरताना, पाच मिनिटांसाठीसुद्धा, तिला गाडीत ठेवू नये. बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते.

खाणे गाडी थांबल्यावरच द्यावे, कारण धावत्या गाडीत घास अडकला तर मागे वळून पाहणेही अवघड असते. केळे वाटेत ताजे कुस्करून देता येते. घरून कालवून नेलेला भात उन्हाळ्यात टिकत नाही. उकळून गार केलेले पाणी घोट-घोट द्या.

गाडीत एक जण मागे, तिच्या शेजारी बसलेला असावा, आणि त्याने मोबाइल बाजूला ठेवावा. या वयाच्या मुलांना पडद्यापेक्षा माणसाचा चेहरा अधिक आवडतो. कापडी खेळणी एकाच वेळी सगळी न देता दोन-दोन काढावीत. कठीण, जड वस्तू जवळ नको. इतके करूनही ती रडेल. दहा मिनिटे गाऊन, हात धरून ती शांत झाली नाही, तर पुढची सुरक्षित जागा पाहून थांबा, आणि पोहोचण्याची वेळ लांबली म्हणून वऱ्हाडाला फोन करून कळवा.

प्रश्न : बहिणीने वापरलेली कार-सीट आम्ही घ्यावी काय? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : त्या सीटला कधीही अपघात झालेला नाही, याची बहिणीकडून खात्री करून घ्या, बाहेरून तडा दिसत नसला तरी आतील कवच कमकुवत झालेले असू शकते. मागच्या चिकटपट्टीवर एआयएस ०७२, आर ४४ किंवा आर १२९ यांपैकी एका सुरक्षा-मानकाचा उल्लेख आणि वापराची मुदत वाचा. पट्टे विरलेले नसावेत. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी तो दोन बोटांच्या चिमटीत धरता येत असेल, तर तो आणखी घट्ट करावा लागेल.