दाविदाचा अकरावा अध्याय पेन्सिल घेऊन वाचताना

ख्रिस्ती मंडळीच्या हिशेबातली थोडी रक्कम एकाने घरखर्चाला वापरली. तीन महिन्यांत गुपचूप भरूनही टाकली, कुणाला पत्ता लागला नाही. पण प्रार्थनेला बसलं की शब्द फुटेना. समुपदेशनाला आले ते हाच प्रश्न घेऊन: "दाविदाने तर माणूस मारवला, तरी त्याला क्षमा झाली. मग माझं मन का हलकं होत नाही?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

असं अनेक जण विचारतात. स्तोत्र 51, म्हणजे दाविदाची पश्चात्तापाची प्रार्थना, तोंडपाठ असतं, पण त्यामागची घटना, म्हणजे बायबलमधलं 2 शमुवेल 11 (दावीद राजा बथशेबेशी व्यभिचार करतो आणि तिचा नवरा, त्याचाच सैनिक उरीया, याला मारवतो), घाईघाईत वाचलेली असते. शेवट ठाऊक असला की मधल्या पायऱ्या दिसत नाहीत.

त्यांना तो अध्याय पेन्सिल घेऊन वाचायला दिला. 'इथून मागे फिरता आलं असतं' असं वाटेल तिथे रेघ मारायची. पहिली रेघ गच्चीवरून बथशेबा दिसण्याच्याही आधी येते: राजे लढाईला निघण्याचे दिवस, आणि दावीद यरुशलेमेत. तिसऱ्या वचनात ती उरीयाची बायको आहे हे त्याला स्पष्ट कळतं. मग ती गरोदर राहिल्याचं लपवायला उरीयाला घरी धाडायचा प्रयत्न, त्याला दारू पाजणं, आणि शेवटी त्याला लढाईत मारवायला सेनापती यवाबाला पत्र, तेही उरीयाच्याच हाती! व्यभिचार दोन-चार वचनांत उरकतो. लपवालपवीने उरलेला जवळजवळ सगळा अध्याय व्यापलाय.

इथे ते थांबले. "पैसे भरले, पण वहीतली नोंद मी बदलली होती. ती तशीच आहे."

मग 1 शमुवेल 15 काढला. पाप केलं असं दाविदाआधीचा राजा शौलही म्हणतो, पण लगेच लोकांच्या भीतीचं कारण पुढे करतो, आणि वडीलजनांसमोर माझा मान राख अशी शमुवेल संदेष्ट्याला गळ घालतो. त्याचं पाप दाखवून देणाऱ्या नाथान संदेष्ट्यासमोर दावीद मात्र 'मी पाप केलं' एवढ्या एका वाक्यात थांबतो. त्यांनाही एकच वाक्य लिहायला सांगितलं, 'पण' आणि 'कारण' टाळून. चौथ्या खेपेला जमलं. ते वाक्य आणि वही घेऊन ते पाळकांकडे गेले.

हिशेबाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. ते त्यांना लागलं. कबुली दिली की सगळं पूर्ववत होईल असं वाटलं होतं. तेव्हा बारावा अध्याय वाचला. तिथे क्षमा आहे आणि परिणामही आहेत: दाविदाचं मूल दगावतं.

हा भाग मात्र जपून वापरावा. मूल गमावलेल्या आईबापांना बारावा अध्याय त्यांच्या दुःखाचं कारण म्हणून कधीही वाचून दाखवू नये. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला 'तुझी चूक शोध' असं सांगू नये. नाथानाच्या दृष्टांतात श्रीमंत माणूस गरिबाची कोकरी हिसकावून मारतो; त्या कोकरीला कुठेही दोष दिलेला नाही.

महिन्याभराने ते पुन्हा आले. म्हणाले, प्रार्थना अजून दोन-तीन वाक्यांचीच होते, पण होते.