गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील कुळागरालगतच्या (सुपारीच्या बागेलगतच्या) जंगलवाटेला वनोपचारासाठी, म्हणजे जंगलात शांतपणे वेळ घालवून ताण कमी करण्याच्या उपचारासाठी, प्रमाणपत्र मिळवायचे असल्यास तिची तपासणी कशी होते?

ही पद्धत मुळात जपानची. तेथील वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला आणि २००६ पासून मोजमापाच्या आधारे वनांना प्रमाणपत्रे मिळू लागली. तेथील प्रयोगांत साधारणपणे १२ जणांना सहा-सहांच्या दोन गटांत विभागून एक गट जंगलात व दुसरा शहरात पाठवतात, दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करतात आणि चालण्याआधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल (ताण वाढला की वाढणारे संप्रेरक), नाडी, रक्तदाब व हृदयगतीतील चढउतार तपासतात. केवळ रम्य देखावा तेथे पुरत नाही, हे मला विशेष पटते.

त्यापुढची पाहणी वाटेची असते: चढ सौम्य हवा, वाहनांचा आवाज पोहोचू नये, बसायला जागा हवी आणि आजारी माणसाला बाहेर काढता यावे. सत्तरीत मात्र यात आणखी एक बाब धरावी लागेल. तेथे माकडतापाची (एका विषाणुजन्य तापाची) नोंद झालेली असून तो गोचिडींमुळे पसरतो. त्यामुळे पाचोळ्यावर पाय सोडून डोळे मिटून बसणे, जे या उपचारात हमखास करायला सांगतात, कोरड्या दिवसांत तेथे धोक्याचे ठरते. ओंडक्याऐवजी उंच बाक ठेवावेत आणि वाटेचा पाचोळा झाडून काढावा. पावसाळ्यात जळवा असतात, पण त्या केवळ त्रासदायक.

वाट म्हादई अभयारण्याच्या हद्दीत शिरत असेल, तर आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही.